वर बसलेला उपाशी राहतो का?

पाखरांची पत्रपेटी

या महिन्यात आलेल्या पत्रांतली पाच सातभाईभोवती फिरणारी निघाली. सातभाई म्हणजे आंब्याखालचा पाचोळा उडवत घोळक्याने फिरणारा, मातकट रंगाचा, सतत बडबडणारा आपला पक्षी. पण पहिल्याच पत्राने मला थेट आफ्रिकेत नेलं, आणि मग बाकीच्यांची उत्तरंही तिथूनच सुरू करावीशी वाटली. ज्यांची पत्रं राहिली त्यांनी रागावू नये, पुढच्या अंकात घेते.

बाई, स. न. वि. वि. टीव्हीवर आफ्रिकेतल्या कलहारीवरचा कार्यक्रम पाहिला. पांढरेशुभ्र पक्षी, पंख आणि शेपूट काळी, सात-आठांचा घोळका वाळू उकरत होता. चाल अगदी आपल्या सातभाईची. एक जण झाडाच्या शेंड्यावर नुसता बसून होता, तो म्हणे पहारेकरी. आमचे चिरंजीव म्हणतात, हे सगळं कॅमेऱ्यासाठी जुळवलेलं असतं. माझा प्रश्न एवढाच, असा पहारा खरंच असतो का? आणि असला, तर वर बसलेला उपाशी राहतो का?
— निवृत्त पोस्टमास्तर, फलटण

चिरंजीवांना सांगा, जुळवलेलं नाही. मी ते दहा फुटांवरून पाहिलं आहे.

माझी भाची काही वर्षं जोहान्सबर्गला होती. शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी मी तिच्याकडे गेले आणि हट्टाने तिला कलहारीच्या दक्षिण टोकाला घेऊन गेले. दिवसभर सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना पिवळं गवत. कुरुमान नदी म्हणून जी दाखवली, तो कोरड्या वाळूचा पट्टा होता. तिला पाणी येतं ते वर्षानुवर्षांतून एखाद्या वेळी. काठाने कॅमलथॉर्नची झाडं, आपल्या बाभळीचीच भावकी, आणि बाकी नजर जाईल तिथवर तांबडी वाळू. तिथे 2003 पासून अमांडा रिडली आणि त्यांचे सहकारी या एका पक्ष्याचा अभ्यास करत आहेत. इंग्रजीत त्याचं नाव पाइड बॅबलर. आपल्याकडच्या काळ्या-पांढऱ्या पाइड किंगफिशरला आपण कवड्या खंड्या म्हणतो, म्हणून मी याला कवडा सातभाई म्हणते.

या पक्ष्यांना माणसांची सवय लावली आहे. प्रत्येकाच्या पायात रंगीत कडी, त्यावरून कोण कुणाचा ते ओळखतात. आम्हाला दोन सकाळी त्यांच्या मागून चालायला मिळालं. बरोबरच्या मुलीने वाळूवर एक छोटा वजनकाटा ठेवला, हलकी शीळ घातली आणि काट्यावर चिमूटभर खाऊ टाकला. एक पक्षी टुणटुण उड्या मारत आला, काट्यावर चढला. आकडा स्थिरावला, 78 ग्रॅम. खाऊ उचलला, उतरला, पुन्हा वाळू उकरायला लागला. ना जाळं, ना हाताळणं. त्याचा नारिंगी डोळा मी इतक्या जवळून पाहिला की त्यात मला आमच्या टोप्या दिसतील असं वाटलं.

आता पहारा. हे पक्षी जवळजवळ सगळं पोट जमिनीवर भरतात. हुमणीसारख्या अळ्या, वाळवी, नाकतोडे, विंचू. विंचू असा वर मिळत नाही, त्यासाठी खोल उकरावं लागतं. चोच आत, मग डोकं आत, कधी मानेपर्यंत वाळूत. त्या वेळी वरून ससाणा येवो, बाजूने मुंगूस येवो, खोदणाऱ्याला काही दिसत नाही. म्हणून एक जण वर चढून बसतो. आणि माझ्या दृष्टीने खरी गोष्ट पुढेच आहे : तो नुसता बसत नाही, बोलत राहतो. हळू आवाजात, थांबून थांबून, एकच छोटासा सूर. पहिल्या सकाळी मला तो ऐकूच आला नाही. शेजारच्या मुलीने बोट वर केलं, मी श्वास रोखला, तेव्हा कुठे कानात शिरला.

तुम्ही फलटणचे, म्हणून सांगते. माझ्या आजोळी जोंधळा हुरड्यावर आला की माळ्यावर जागल्या असायचा. रात्रभर तो मधूनमधून हाळी द्यायचा. ती हाळी कुणाला हाकलण्यासाठी नसायची, तिचा अर्थ एवढाच की मी जागा आहे. अंथरुणात पडल्या पडल्या आजोबा ती ऐकायचे आणि कूस बदलून झोपायचे. हाळी थांबली की मात्र उठून बसायचे. कलहारीत हाच प्रकार चालतो. जागल्याचा सूर चालू असला की खालचे मान वर करून बघायचं कमी करतात, एकमेकांपासून लांब पांगतात, आणि त्यांच्या पोटात जास्त पडतं. 2008 साली छापून आलेल्या प्रयोगात अभ्यासकांनी हा सूर ध्वनिमुद्रित करून कर्ण्यातून ऐकवला, तरी खालचे पक्षी तसेच निर्धास्त झाले. धोका दिसला की जागल्याचा आवाज बदलतो, कर्कश होतो, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळे झाडोऱ्यात.

आता उपाशी राहण्याचं. नाही राहत. वर कोण जातो, तर ज्याचं पोट बऱ्यापैकी भरलं आहे तो. अभ्यासकांनी काही पक्ष्यांना जादा खाऊ घातला, तर तेच अधिक वेळा पहाऱ्याला गेले. त्यांच्या सुरातूनही हे इतरांना कळतं. पोट किती भरलं आहे त्याप्रमाणे सूर काढण्याची गती बदलते. म्हणजे खाली खोदणाऱ्याला न बघता कळतं की वरचा आणखी किती बसेल आणि आपली पाळी कधी येईल. पाळी लावणारा कुणी नाही, हजेरीपट नाही, तरी काम अडत नाही. 34 वर्षं शाळेत वर्ग सांभाळले, त्यामुळे हे पाहून मी किती वेळ तिथेच उभी राहिले ते भाचीला विचारा.

तुम्ही चाल ओळखलीत ती बरोबर. हा आपल्या सातभाईच्याच कुळातला. बरीच वर्षं दोघांना एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटातही, धरत असत. 2018 मध्ये जनुकांवरून नवी मांडणी झाली तेव्हा आपला सातभाई वेगळ्या घरात गेला. पण आपल्या सातभाईंतही एक जण वर बसून राखण करतो. उद्या सकाळी बघा. खालचे सहा मोजू नका, सातवा शोधा.

बाई, मी आठवीत आहे. आमच्या शाळेच्या मैदानात सातभाईचं पिल्लू जमिनीवर बसून ओरडत होतं. त्याला नीट उडता येत नव्हतं. आम्ही त्याला खोक्यात कापूस घालून ठेवलं, दूध-पोळी दिली. दुसऱ्या दिवशी ते मेलं. आमचं काही चुकलं का?
— एक विद्यार्थिनी, चिपळूण तालुका

बाळ, तुमची माया चुकली नाही. पण पिल्लू हरवलेलं नव्हतं, हे मला तुला सांगायलाच हवं, म्हणजे पुढच्या पिल्लाचा जीव वाचेल.

सातभाईची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात. काही दिवस ती फांद्यांवर, झुडपात, कधी जमिनीवर असतात आणि सगळा घोळका त्यांना भरवतो. नुसते आई-वडील नाहीत. मोठी भावंडं, काका-मावश्या सगळे. तुम्ही तिथे उभे होतात म्हणून ते जवळ आले नसतील. आणि सातभाईचं पिल्लू किड्यांवर वाढतं, दूध-पोळी त्याला पचत नाही.

जमिनीवर बसून ओरडण्याबद्दल कलहारीत एक विलक्षण गोष्ट कळली आहे. तिथल्या कवड्या सातभाईची पिल्लं तपकिरी असतात, पांढरा रंग हळूहळू येतो. घरट्यातून निघाल्यावर त्यांना फांद्यांत बसणं सुरक्षित, जमीन धोक्याची, कारण मुंगूस आलं तर मोठ्यांसारखं भुर्रकन उडता येत नाही. तरीही भूक लागली की पिल्लू मुद्दाम जमिनीवर उतरतं. ते उतरलं की मोठे धास्तावतात आणि त्याला जास्त घास आणून देतात. अभ्यासकांनी काही पिल्लांना स्वतः खाऊ घालून पाहिलं, तेव्हा पोट भरलेली पिल्लं झाडातच बसून राहिली. लहानपणी माझा धाकटा भाऊ जेवायला मागताना विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसायचा, तेव्हा आई हातातलं पीठ तसंच टाकून धावायची. तसंच हे.

मोठ्यांच्याही युक्त्या आहेत. पिल्लं घरट्यात असतानाच, बाहेर पडायची वेळ जवळ आली की, घास देताना मोठे एक घुरघुरणारा मऊ आवाज काढायला लागतात. पिल्लाला हळूहळू कळतं, हा आवाज म्हणजे खाऊ. मग एक दिवस तोच आवाज घरट्यापासून लांबून येतो आणि पिल्लू त्याच्यामागे बाहेर पडतं. पुढे धोक्याच्या जागेवरून पिल्लांना हलवायलाही तोच आवाज. रानातला पक्षी आपल्या पिल्लाला खरोखर शिकवतो, याचा प्रयोगाने मिळालेला हा अगदी मोजक्या पुराव्यांतला एक. मी आयुष्यभर शिकवलं, म्हणून मला हा फार मोठा वाटतो.

आणि तुला आश्चर्य वाटेल, तिथे पिल्लं पळवतातसुद्धा. घोळक्यात अंडी बहुतेक सगळी एकाच मुख्य जोडीची असतात, बाकीचे मदतनीस. माणसं कमी झाली की घोळक्याचं कठीण होतं : पहारा कोण देणार, हद्द कोण राखणार. मग असा छोटा घोळका कधी कधी शेजाऱ्यांचं घरट्याबाहेर पडलेलं पिल्लू स्वतःकडे ओढून नेतो, खाऊ घालून वाढवतो, आणि ते मोठं झालं की त्याच घोळक्यासाठी काम करायला लागतं. रक्ताचं नातं नाही, तरी घरचं होतं. यावरून ओळख, त्यांना एक पिल्लू किती मोलाचं असतं.

पुढच्या वेळी असं पिल्लू दिसलं तर दोनच गोष्टी करा. मांजर, कुत्रं जवळ असेल तर पिल्लाला हलकेच उचलून जवळच्या दाट झुडपात ठेवा. हात लागला म्हणून आई टाकते हे खरं नाही. आणि मग सगळ्यांनी लांब जा, अगदी व्हरांड्यात. अर्ध्या तासात बडबड ऐकू येईल.

कोतवाल पक्षी खोटी वर्दी देऊन दुसऱ्याचं अन्न लुबाडतो असं वाचलं. आमच्या शेतात तर तो कावळ्यांनाही पळवून लावतो, इमानी पक्षी आहे. हे खरं का?
— एक शेतकरी, बार्शी

वाचलंत ते आफ्रिकेतल्या कोतवालाबद्दल असणार. दिसायला आपल्यासारखाच, काळा, शेपूट दुभंगलेली, डोळा लाल. एकेकाळी दोघांना एकच जात समजत. त्याचं कर्तब मी समोर घडताना पाहिलं, तेवढं सांगते.

दुसऱ्या सकाळी सातभाईंपैकी एकाने बराच वेळ खोदून एक जाड पांढरी अळी ओढून काढली. आपली हुमणी असते तेवढी. तोंडात धरून तो तिला वाळूवर आपटत होता. जवळच्या वाळक्या फांदीवर कोतवाल बसलेला. तो एकदम ओरडला, मला तर तो सातभाईचाच इशारा वाटला. सगळे झाडाकडे पळाले, अळी वाळूवर राहिली. कोतवाल सरळ खाली आला, अळी उचलली, पुन्हा त्याच फांदीवर. आकाशात काही नव्हतं. मी वर बघतच राहिले.

टॉम फ्लॉवर नावाच्या संशोधकाने याच भागात कोतवालांचा पिच्छा पुरवला. त्यांच्या नोंदींत कोतवालांनी काढलेले धोक्याचे 51 वेगवेगळे आवाज आहेत, त्यांतले बरेचसे दुसऱ्या पक्ष्यांचे आणि प्राण्यांचे उचललेले. एका आवाजाला कोणी फसेनासं झालं की कोतवाल दुसरा काढतो. दिवसाच्या अन्नातला जवळजवळ पावभाग तो असा मिळवतो.

मग सातभाई त्याला जवळ येऊ तरी का देतात? कारण बहुतेक वेळा तो खरंच सांगतो. ससाणा आला की पहिली वर्दी कोतवालाचीच. घोळका मोठा असेल तर आपले जागल्ये पुरेसे असतात, तेव्हा ते त्याला हाकलून लावतात. घोळका लहान असेल तर त्याला राहू देतात. थोडं लुबाडून घेऊ देतात, पण तेवढ्यात आपल्यातल्या एकाला पहाऱ्यातून मोकळं करून खायला लावतात. तुमच्या शेतातला कोतवाल कावळ्याला पळवतो ते त्याच्या घरट्यासाठी, आणि त्या आडोशाने शेजारच्या झाडांवर इतर पक्षी घरटी करतात हेही खरं. त्याच्याबद्दलचं तुमचं मत बदलू नका.

उन्हाळ्यात दुपारी आमच्या बांधावरच्या बाभळीखाली सातभाई चोची उघड्या टाकून, पंख सैल सोडून बसतात. रोग पडला आहे का?
— मंगळवेढ्याहून

रोग नाही, ऊन आहे. पाखरांना घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकल्या की आतला ओलावा उडतो आणि अंग निवतं, पंख अंगापासून लांब धरले की वारा लागतो. पण याची किंमत आहे, आणि ती किती हे त्या छोट्या वजनकाट्याने दाखवलं. म्हणूनच काट्याबद्दल वर एवढं लिहिलं.

कलहारीत सकाळी, दुपारी, संध्याकाळी वजनं घेत गेले. पक्षी रात्री काही खात नाही, तेव्हा रोज रात्रीत त्याचं वजन थोडं घटतं. ते दिवसा भरून काढायचं असतं. 2012 साली छापून आलेला हिशेब असा : ज्या दिवशी कमाल तापमान 35.5 अंशांच्या वर गेलं, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पक्ष्याचं वजन इतकं वाढतच नाही की रात्रीची घट भरून निघावी. पक्षी खोदतो, पण धापा टाकत खोदतो, आणि हाती कमी लागतं. असा एक दिवस गेला तर निभावतं. असे दिवस ओळीने आले की शरीर आटत जातं. हा आकडा त्या पक्ष्याचा, त्या वाळूतला आहे. मंगळवेढ्याच्या सातभाईला तो जसाच्या तसा लावू नका.

पिल्लांचं वाचताना मला फार वाईट वाटलं. अंड्यातून बाहेर आल्यापासून स्वतःचं पोट स्वतः भरायला लागेपर्यंतच्या काळात सरासरी कमाल तापमान 38 अंशांच्या वर गेलं, तर त्या विणीतलं एकही पिल्लू तगलं नाही. आणि यात घोळका मोठा असण्याचा काही उपयोग झाला नाही. ससाणा, मुंगूस, नाग, शेजाऱ्यांची चढाई, या सगळ्यांवर हे पक्षी एकमेकांच्या बळावर मात करतात. उन्हाचा इशारा द्यायला कुणी वर बसून भागत नाही, आणि दहा जण मिळूनही सावली मोठी होत नाही. मी त्यांना संध्याकाळी एका फांदीवर ओळीने, पंखाला पंख लावून झोपायला बसताना पाहिलं आहे. इतक्या दाटीने, की काळे-पांढरे पट्टे एकमेकांत मिसळून एकच लांब पक्षी बसल्यासारखा दिसत होता. तो अहवाल वाचताना मला ती फांदी आठवत होती.

तुमच्या बांधासाठी : पसरट मातीचं भांडं बाभळीच्या सावलीत ठेवा, चार बोटंच पाणी, मधे एक दगड. पाणी रोज बदला. आणि बाभळीखालचा पाचोळा पेटवू नका. त्याच्याखाली गारवा असतो, आणि त्या गारव्यात किडे, म्हणजे सातभाईंचं दुपारचं जेवण.

चातक खरंच सातभाईच्या घरट्यात अंडं घालतो का? मग तो आफ्रिकेतून येतो तेव्हा तिकडे काय करतो?
— एक वाचक, ठाणे

घालतो. आपल्याकडे चातकाचं अंडं सातभाईच्या अंड्यासारखंच निळं असतं, त्यामुळे सहसा ओळखू येत नाही. पावशाही हेच करतो. दक्षिण आफ्रिकेत वीण करणाऱ्या चातकांचं अंडं मात्र पांढरं, आणि ते तिकडे मुख्यतः बुलबुलांच्या घरट्यात घालतात. तरीही कलहारीत चातकाने कवड्या सातभाईच्या घरट्यात अंडं घातल्याचं आणि सातभाईंनी ते पिल्लू वाढवल्याचं 2012 साली नोंदवलं गेलं आहे. जात एकच, घराणी वेगळी, पण समुद्राच्या दोन्ही बाजूंना सातभाईच्या घरात चातकाचं पिल्लू वाढतं.

यंदा मृगाच्या आसपास तुमच्या गावात पहिला चातक ज्या दिवशी ऐकाल, त्या दिवसाची तारीख, वेळ आणि गाव पोस्टकार्डावर लिहून मला कळवा. पुढे श्रावणात सातभाईंचा घोळका एखाद्या काळ्या-पांढऱ्या, तुरा असलेल्या, त्यांच्यासारख्या न दिसणाऱ्या पिल्लाला भरवताना दिसला, तर तेही लिहा. किती जण भरवत होते ते मोजायला विसरू नका.